खिडकीवरचा लिंटेल

आमच्या दहिसरच्या घराचं काम करणारा मिस्त्री खिशात टेप असूनही वितीनेच मोजायचा. अंथरुणाला खिळलेल्या बाबांना बाहेरचं दिसावं म्हणून आम्ही खिडकी रुंद करत होतो. वरच्या भिंतीचा भार पेलणारा सिमेंटचा आडवा लिंटेल त्यानेच ओतला होता, पण तो दोन्हीकडे भिंतीवर जेमतेम चार बोटं टेकला.

"चालेल हो मिस्त्री, बाबांकडे वेळ कुठंय?" मी म्हटलं.

"खाली म्हातारा झोपणार ना? मग नाय चालणार. माप माझंच चुकलं."

त्याने तो घणाने फोडला आणि लांब, जाड लिंटेल नव्याने ओतला. तो पक्का होण्याआधीच बाबा गेले. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तेराव्यानंतर त्याने खिडकी पुरी केली आणि तिच्याखाली स्वतः आडवा होऊन बराच वेळ वर पाहत राहिला. मग आईला म्हणाला, "वैनी, बिनधास्त झोपा."

आईने तिथेच आपली गादी घातली.