समोरून शिकलेला बेंजो

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी निघायच्या आधी चार वेळा संडासला जाऊन आले. वय चौऱ्याहत्तर. या वयात पोट बिघडायला काहीही पुरतं, पण त्या दिवशीचं कारण मला ठाऊक होतं.

हा उद्योग सुनेचा. तिच्या मोबाइलवर जाहिरात आली होती. मे महिन्याच्या सुट्टीत परळच्या एका शाळेत पाच दिवस जुन्या वाजवणाऱ्यांचं शिबिर. बेंजो पार्टीतले, भजनी मंडळातले, लग्नात क्लॅरोनेट वाजवणारे, सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं आणि शिकायचं. वयाची अट नाही. तिने मला न विचारता माझं नाव दिलं.

"मी कधी वाजवते?" मी म्हटलं.

"आई, तुम्ही दुपारी दार लावून वाजवता ते अख्ख्या मजल्याला ऐकू येतं."

मला वाटत होतं कोणाला कळत नाही. चाळीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

बेंजो म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो. लांबट लाकडी पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आमचे हे गिरणीत होते आणि पार्टीत बेंजो वाजवायचे. गिरणी बंद पडल्यावर नुसता बेंजोच वाजवला. लालबागच्या आमच्या खोलीत ते भिंतीला टेकून सराव करायचे. एका बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला मोरी. मला बसायला जागा एकच, त्यांच्या समोर. तिथे बसून मी तांदूळ निवडायचे, मेथी खुडायची, आणि त्यांची बोटं बघायची. ते कामावर गेले की बेंजो जिथे असेल तिथेच ठेवून, मी माझ्या जागेवर बसून वाजवायचे. म्हणजे समोरून. बटणं उजव्या हाताला, नखी डाव्या हातात. वर रंगवलेलं पार्टीचं नाव माझ्याकडे तोंड करून. एकदा बटणांवर हळदीचे डाग दिसले तेव्हा ह्यांनी पेटीला कुलूप लावलं.  किल्ली कुठे ठेवतात ते मला माहीत होतं.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून तशीच वाजवते. ही सगळी उलटी गोष्ट शिबिरातल्या तीस-चाळीस माणसांना दिसणार, याची मला धास्ती होती. मला वाजवायला येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. मी वाजवायला बसले की लोक ऐकायच्या आधी बघणार आणि हसणार.

शिबिराचे मास्तर सत्तरीचे, पूर्वीचे बेंजोवाले. त्यांनी माझ्या पेटीवरचं नाव वाचलं आणि उठून उभे राहिले.

"वहिनी, हा बेंजो मी मिरवणुकीत ऐकलाय. त्यांच्या घरातलं माणूस आलंय म्हणजे आम्हालाच शिकायला मिळेल."

सगळे वळून बघायला लागले. मी पेटीवरच्या नावावर पदर टाकला.

मास्तरांचा नियम होता, वही नाही, मोबाइल नाही. त्यांच्या मागे आणि बाजूला बसायचं, बोटं बघायची, कानाने उचलायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला वही नाही हे बरंच होतं. पण मागून बघितलं तर मला त्यांचा हात कळेना. सा कुठे, रे कुठे, सगळं उलट्या दिशेने पळत होतं. दुपारी फेरी व्हायची. ढोलकी चालू राहायची आणि एकाच चालीचं एकेक आवर्तन एकेकाने एकट्याने वाजवायचं. तुमची पाळी आली की ढोलकी थांबत नाही. पहिल्या दिवशी मी पेटी उघडलीच नाही.

माझ्या शेजारी कॉटन ग्रीनचे एक म्हातारे बसायचे, क्लॅरोनेटवाले, मालवणकडचे. ते म्हणाले, "काय गो बाय, इतको सजवून बेंजो आणलंस, वाजवतलंस कधी?"

"तुमचे दात पडायच्या आत वाजवीन," मी म्हटलं. बोलायला मी कधी घाबरले नाही.

घरी जाऊन मी बेंजो सरळ ठेवला, लोक ठेवतात तसा, आणि लहान मुलं शिकतात तशी सुरुवातीपासून शिकायला बसले. डाव्या हाताने बटणं, उजव्या हातात नखी. बोटं ऐकेनात. चाळीस वर्षांत मी जे केलं ते एका हातातून दुसऱ्या हातात जात नव्हतं. दुसऱ्या दिवशीही फेरीत मी नुसती मान हलवली. मास्तर म्हणाले, "वहिनी, इथे नुसतं ऐकणाऱ्याला चहा मिळत नाही हां." लोक हसले. मीही हसले, पण तो चहा तसाच ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी मी वाजवलं, सरळ. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत बोट शेजारच्या बटणावर पडलं आणि त्यानंतर मला पुढचं बटण दिसेना. ढोलकी चालू. मी नखी धरून बसले. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी उत्तर दिलं असतं. क्लॅरोनेटवाल्यांनी माझं उरलेलं आवर्तन उचललं आणि पुरं केलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, नुसतं नाव मोठं आहे.

चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "उद्या संध्याकाळी लोक येणार, घरचे येणार. ज्यांना वाजवायचं नाही त्यांनी आजच सांगा, म्हणजे क्रम लावता येईल."

मी चहाच्या सुट्टीत सांगायला गेले. मास्तर दाराजवळ एकटे बसून मिरवणुकीची चाल वाजवत होते, जी मी आदल्या दिवशी सोडली तीच. मी कप घेऊन त्यांच्या समोर उभी राहिले, ते थांबायची वाट बघत. आणि मला सगळं दिसलं. प्रत्येक बोट आपल्या जागी पडत होतं. माझी उजव्या हाताची बोटं कपावर आपोआप चालायला लागली. चहा सांडला, साडीवर पडला.

मास्तर थांबले. "वहिनी, बटणं उजव्या हाताने कशी काय?"

मी सांगितलं. कॉट, मोरी, तांदूळ, सगळं. कुलुपाचं सांगितलं नाही. ते त्यांनी ऐकायचं कारण नव्हतं.

 मग त्यांनी माझी पेटी त्यांच्या पेटीपुढे तशीच सरळ ठेवली आणि म्हणाले, "तिकडून बसा." मी समोर बसले. त्यांनी वाजवलं, मी वाजवलं. दुसरी ओळ गेली, तिसरीही गेली.

"अहो, मग झालं की. उद्या माझ्या समोर बसा."

"स्टेजवर तुमच्या समोर बसले तर लोकांकडे पाठ येईल."

"येईल."

"लोक काय म्हणतील?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही ठरवा. नाव काढायचं तर आता काढतो."

मी ठेवा म्हटलं. म्हटलं आणि लगेच घाबरले.

घरी मुलगा चिडला. "आई, बाबांच्या पार्टीचं नाव आहे त्या बेंजोवर. लोकांकडे पाठ करून बसणार? नाहीतर वाजवू नकोस ना."

"तुझे बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं," मी म्हटलं.  हे मी चांगल्या अर्थाने म्हटलं नव्हतं. ते त्याला कळलं.

पाचव्या दिवशी हॉल भरला. आमच्या मजल्यावरच्या बायका पुढच्या रांगेत. माझं नाव पुकारलं तेव्हा पायऱ्या चढताना क्लॅरोनेटवाल्यांचा दंड धरला. मास्तर लोकांकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या समोर बसले, लोकांकडे पाठ करून. मागे कुजबुज झाली. एका बाईचा आवाज मी ओळखला. "अगो, ही अशी का बसली?" नखी घामाने निसटायला लागली. पदराला पुसली. मागे वळून बघायची फार इच्छा झाली. बघितलं असतं तर उठूनच गेले असते.

ढोलकी सुरू झाली. मी मास्तरांचे हात बघितले. दोन्ही पेट्या एकाच बाजूला तोंड करून होत्या, घरी असायची तशीच माझी होती. बेंजो सरळ होता, मी उलटी बसले होते, एवढंच. पहिलं आवर्तन त्यांनी वाजवलं, दुसरं मी. दुसरी ओळ आली आणि बोट पडायचं तिथे पडलं. तिसऱ्या ओळीत एक सूर चुकला. तो चुकलाच. मी थांबले नाही, ढोलकीही थांबली नाही. मग मास्तरांनी हात उचलून घेतले आणि शेवटचं आवर्तन मला एकटीला वाजवायला लावलं. तेव्हा बघायला समोर बोटं नव्हती, तरी ते झालं.

टाळ्या वाजल्या. मी वळले नाही. आधी पेटी बंद केली, मग उठले.

मुलाने मोबाइलवर सगळं घेतलं होतं. रात्री जेवताना त्याने दाखवलं. माझं तोंड एकदाही दिसत नाही. पांढरा अंबाडा दिसतो, पाठ दिसते, आणि उजवं कोपर हलताना दिसतं.

"बाबांचं पण असंच हलायचं कोपर," मुलगा म्हणाला.

"त्यांचं डावं हलायचं," मी म्हटलं.

सून म्हणाली, "आई, ब्लाउजचा हूक निघालाय मागे."

ते खरं होतं. तीस-चाळीस माणसांनी आणि आमच्या मजल्याने तो बघितला. पाच दिवस मी नको त्या गोष्टीची काळजी करत होते.