नव्वदच्या वर गेलं की हाक मार

शनिवारी सकाळी नातीने मला हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसवलं. म्हणाली, "आजी, हा कोपऱ्यातला आकडा बघत बस. नव्वदच्या वर गेला की हाक मार." आणि गेली आंघोळीला...

मी चौथी शिकलेली, पण आकडे कळतात. आकडा होता एक्याऐंशी. चष्मा पुसून परत लावेपर्यंत सत्त्याऐंशी झाला. दूध उतू जायच्या आधी जसा जीव वर येतो ना, तसं झालं मला.

आधी काय झालं होतं ते सांगते. माझी नात तन्वी, घरं आतून कशी दिसतील ते कॉम्प्युटरवर तयार करते. सोफा, पडदे, दिवे, सगळं खऱ्यासारखं. बेलापूरच्या एका ऑफिसने ट्रायल म्हणून तिला एका फ्लॅटचं काम दिलं होतं. आवडलं तर नोकरी. रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. कॉलेज संपल्यापासून पोरगी घरात बसून आहे, आणि "काय, लागलं का कुठे?" विचारणाऱ्यांना आमच्या कोपरखैरण्यात तोटा नाही...

जुना कॉम्प्युटर हे काम ओढेना. म्हणून माझ्या मुलाने, सुनीलने, त्यात नवा प्रोसेसर बसवला. प्रोसेसर म्हणजे त्या डब्याचा मेंदू. तो गार राहावा म्हणून त्याच्यावर एक पंख्याचा कूलर चिकटून बसतो, तोही नवा.

सुनील तुर्भ्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे घरात दुसऱ्या कोणी स्क्रूला हात लावलेला त्याला चालत नाही. मिक्सर, गीझर, माझं बीपीचं मशीन... सगळं त्याने उघडलंय. त्यातलं काही अजून चालतं.

तर नवा मेंदू बसला आणि डबा तापायला लागला. कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे त्याचाच ताप. काम अर्ध्यावर आलं की फट्कन बंद. मग पुन्हा पहिल्यापासून.

सुनील म्हणाला, "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो."

तन्वी म्हणाली, "बाबा, ती काय नवी चप्पल आहे, घालून घालून सैल व्हायला?"

झालं. तिथून बापलेकीचं बोलणं कमी कमी होत गेलं. तो म्हणे तुझं सॉफ्टवेअर जड. ती काही म्हणेना, नुसते ओठ आवळून बसली. मला जास्त धास्ती त्याची. ही पोरगी बोलत नाही, आणि बोलली की सालटी काढते... माझ्यावर गेलीय.

शनिवारी सकाळी सुनीलने डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं. माझ्या पलंगाजवळचा टेबल फॅन उचलून आणून त्याच्या पोटात वारा सोडला. मी घामाने निथळतेय, आणि डब्याला हवा! आकडा जरा उतरला, तेव्हाच तन्वी मला राखणीला बसवून आंघोळीला गेली होती. मग तो गेला परत नव्वदच्या वर, आणि मी हाक मारली. आंघोळ अर्धी टाकून तन्वीला बाहेर यावं लागलं.

दुकानवाला फोनवर म्हणाला, मधली पेस्ट कमी पडली असेल. कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये एक पांढरी पेस्ट लावतात. सुनीलने कूलर उचलून चपातीला तूप लावावं तशी आणखी थापली आणि पुन्हा बसवला. दुपारी आकडा अठ्ठ्याण्णव... आणि स्क्रीन काळी.

तन्वी रडली नाही. फोन घेऊन खिडकीत गेली आणि टाइप करायला लागली. मी विचारलं कोणाला.

"ऑफिसला. जमणार नाही म्हणून कळवते."

मी म्हटलं, "आधी उघड. मग कळव."

"आजी, बाबांनी दोनदा उघडलंय."

"बाबांनी उघडलंय. तू उघडलंस का?"

सुनील लगेच, "अगं, हात घसरला तर प्रोसेसर जाईल!" मी म्हटलं, "तू गप बस, नाहीतर खाली जाऊन ये." तो खाली गेला नाही. तिच्या डोक्यावर उभा राहिला, लेबर रूमच्या बाहेर उभं राहावं तसा.

तिने स्क्रू काढले, कूलर उचलला, उलटा केला. टिश्यूने पेस्ट पुसायला लागली आणि तिचं नख कशात तरी अडकलं. तिने ओढलं... एक पातळ, पारदर्शक प्लास्टिक सालीसारखं निघून आलं. त्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. तन्वीने वाचलं, "वापरण्याआधी काढा."

तिने ते उजेडात धरलं.

सुनील म्हणाला, "ते... ओरखडे पडू नयेत म्हणून ठेवलेलं. नवीन होतं ना."

आता याला काय बोलायचं? आमच्या घरात फ्रीजच्या हँडलला प्लास्टिक आहे, रिमोटला आहे, गाडीच्या सीटना आहे. मे महिन्यात पाठ चिकटून सोलून निघते, पण काढायचं नाव घेतलं की साहेबांचा चेहरा पडतो. तसाच त्याने कूलरही नवाकोरा ठेवला. मग गरमी जाणार कुठून?

मला वाटलं, आता ही पोरगी भडकते. माझ्या तर ओठावर आलंच होतं.

पण तिने ते प्लास्टिक बाजूला ठेवलं. सगळं पुसलं, थोडीशी पेस्ट लावली, कूलर बसवला. आणि स्क्रूड्रायव्हर बापापुढे धरला. "बाबा, हे तुम्ही आवळा. माझ्याने बरोबर टाइट होत नाही."

साफ खोटं. घरातल्या सगळ्या लोणच्याच्या बरण्या हीच उघडते.

सुनीलने खाली मान घालून एकेक स्क्रू आवळला. कान लाल झाले होते त्याचे... तन्वीने काम पुन्हा सुरू केलं. आकडा एकाहत्तरवर गेला आणि तिथेच थांबला. तरी मी खुर्ची सोडली नाही.

रविवारी चहाच्या वेळेला तिने काम पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. दाराची बेल वाजली तरी मी तिच्या फोनकडे बघते.

नोकरी मिळेल, न मिळेल. पण मी असते तर त्या माणसाच्या हातात पुन्हा स्क्रूड्रायव्हर दिला नसता, जन्मभर. तिने दिला. हे ती कुठे शिकली माहीत नाही... माझ्याकडून नक्कीच नाही.