जिथं माणूस, तिथं गारवा

मित्राच्या नव्या घरात छतातल्या जाळ्यांतून एसीचा गारवा उतरतो. प्रत्येक खोलीचा झोन वेगळा. "जिथं माणूस असेल तेवढाच झोन चालू ठेवायचा. वीज वाया जात नाही," मोबाइलवर बोट फिरवत तो सांगत होता. देवघरात कुणी नव्हतं, तरी तिथला चालू होता. फुलं टवटवीत राहतात म्हणे.

इतक्यात त्याची बायको गरम पुऱ्या घेऊन आली. वहिनींची पाठ घामानं चिंब भिजली होती.

"आणि स्वयंपाकघर?" मी विचारलं.

"तो झोन बंदच असतो. तिथं कोण बसतंय?"

पूर्वी माजघराचा उंबरठा निदान डोळ्यांना दिसायचा. आता तो मोबाइलमध्ये जाऊन बसलाय.

ओढणीनं कपाळ पुसत वहिनी म्हणाल्या, "भावजी, लगेच खा हं. इथं पुऱ्या फार लवकर गार होतात."