शिट्टीसरांवरचा डूख

पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर, कपडे बदलायच्या खोल्यांच्या बरोब्बर डोक्यावर, ताईची खोली होती. दारावर फिजिओथेरपिस्टची पाटी होती, पण मुलं आणि त्यांचे आईबाप तिला ताईच म्हणत. आत दोन उंच पलंग, भिंतीला अडकवलेले रबरी पट्टे आणि एक लांबलचक खिडकी. जागा दमट, क्लोरीनच्या वासाने डोकं उठायचं. शहरात याहून कितीतरी बऱ्या खोल्या तिला मिळाल्या असत्या. पण तिने हीच घेतली, कारण त्या खिडकीतून तलावाच्या काठावरचे शिट्टीसर दिसायचे.

शिट्टीसर म्हणजे क्लबचे मोठे कोच. तोंडातली शिट्टी त्यांनी काढलीच, तर ती कुणावर तरी ओरडायला. ताईने त्यांच्यावर डूख धरला होता. शाळेत असल्यापासून.

तेव्हा ती त्यांच्याच हाताखाली बटरफ्लाय पोहायची आणि चांगली पोहायची. मग उजवा खांदा दुखायला लागला. तिने सांगितलं तर सर म्हणाले, "दुखणं खांद्यात नसतं, डोक्यात असतं. चल, उडी मार." तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर जाण्याआधी ते रोज पालकांच्या बाकावर येऊन बसायचे. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "सर सांगतात ते ऐक."

तिने ऐकलं. राज्याच्या संघाच्या निवडीची शर्यत होती. परतीच्या फेरीत खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि हात पाण्याबाहेर येईना. बुडू नये म्हणून तिने लेनची दोरी धरली. सर काठापर्यंत आले, पण वाकले नाहीत. अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाटकी कुठली! हरणार दिसलं की धरली दोरी."

घरी जाताना बाबा वाटभर दहा पावलं पुढे चालत राहिले. दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "मला मान खाली घालायला लावलीस."

पुढे डॉक्टरांनी खांदा तपासला आणि आतला स्नायू फाटल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. बाबा तिच्या उशाशी बसून लहान पोरासारखे रडले, माफी मागितली. बाबांना तिने माफ केलं. अगदी सगळं नाही, पण एका ताटात जेवता येईल इतपत. सर भेटायला आलेच नाहीत. तिच्या लेनमध्ये तोवर दुसरी मुलगी पोहत होती.

शिकून ती परत आली ती उट्टं काढायलाच. आधी तिला वाटलं, आपणच मुलं तयार करावीत आणि सरांच्या मुलांना पाणी पाजावं. पण खिडकीतून बघता बघता तिला वेगळंच काही उमगलं. या माणसाचा जोर शिट्टीत नव्हता. तो त्या बाकात होता. मांडीवर मुलांच्या बॅगा घेऊन, तोंडाला कुलूप लावून बसलेले आईबाप. सर त्यांच्या मुलांना 'ढोल्या' म्हणत, 'दगड' म्हणत, आणि हे कसनुसं हसत. हे बोलायला लागले की हा माणूस संपला.

मग तिने रविवारी सकाळी पालकांसाठी बैठक सुरू केली. फुकट. सुरुवातीला येणारे खांदे-गुडघ्यांचं विचारायला यायचे. ती हळूच गाडी दुसरीकडे वळवायची. थकवा कसा ओळखायचा आणि दुखणं कसं. मुलाला झोप किती लागते. शर्यतीच्या आदल्या दिवशी घरात काय बोलू नये. कोचला प्रश्न विचारायचा तर चढ्या आवाजात नाही आणि मान खाली घालूनही नाही. हरलेल्या मुलाला घरी नेताना शर्यतीची चिरफाड करायची नाही, भूक लागली का एवढंच विचारायचं.

"म्हणजे मी नुसती गाडी चालवायची?" एका बापाने विचारलं.

"हो. आणि त्याच्या आवडीची गाणी लावायची."

"त्यापेक्षा त्याने हरू नये हेच बरं. त्याची गाणी फार भयंकर आहेत!"

सगळे हसले. पण तो बाप पुढच्या शर्यतीनंतर खरंच गप्प राहिला आणि त्याचा मुलगा घरी पोचायच्या आतच आपणहून बोलायला लागला. असं दोन-तीन घरांत घडलं आणि बैठकीला खुर्च्या कमी पडू लागल्या. मुलं मोकळी झाली, त्यांच्या वेळाही सुधारल्या. लोक म्हणायला लागले, ताई म्हणजे देवमाणूस.

"देवमाणूस कसली," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "एकेक आईबाप त्याच्या मुठीतून सोडवते आणि मला घास गोड लागतो. मुलांचं भलं होतंय ते वरकड."

बहीण म्हणाली, "बाई गं, ऐकून अंगावर काटा येतो."

"येऊ दे."

सरांची सगळ्यात वेगवान मुलगी होती बारकी. क्लबात आली तेव्हा सगळ्यांत लहानखुरी होती म्हणून हे नाव, आणि उंच झाली तरी तेच राहिलं. बारकीची आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. रविवारच्या बैठकीला ती कधी फिरकली नव्हती. सरांना आवडणार नाही म्हणून. निवडीची शर्यत दोन दिवसांवर आली असताना एका संध्याकाळी ती मुलीला घेऊन, मागे वळून बघत बघत, वर आली.

"ताई, हिचा खांदा दुखतोय. सर म्हणतात, शर्यतीपर्यंत दम धर. तुम्ही सांगाल तसं."

ताईने बारकीचा हात वर नेला. मुलीने ओठ चावला. ताईने आणखी एक-दोन तऱ्हांनी हात फिरवून पाहिला आणि तिला कळायचं ते कळलं. तोच खांदा, तीच जागा. अजून फाटलं नव्हतं. पण एका जोरदार शर्यतीत फाटलं असतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दोघी गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. परवा ही मुलगी पोहली तर? भरल्या तलावात, अधिकाऱ्यांसमोर, हिचा हात लुळा पडेल. आई ओरडून सांगेल की सरांना माहीत होतं. त्या माणसाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आपल्याला काहीच करावं लागणार नाही, फक्त उद्या थोडं गुळमुळीत बोलायचं. ते सगळं दृश्य तिने मनात दोनदा पाहिलं, चवीने.

खाली काठावर बारकी बॅगेची चेन लावत होती. उजवा हात कडेला लोंबत होता, आणि डाव्या हाताने चेन काही सरकत नव्हती. ती चिडली आणि तिने बॅगेला लाथ मारली.

ताई जिन्यावरून धावत उतरली. फाटकापाशी तिने दोघींना गाठलं.

"परवा पोहायचं नाही," ती धापा टाकत म्हणाली. "महिनाभर विश्रांती, मग व्यायाम. खांदा बरा होईल. पण हे सरांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. बाकावरच्या सगळ्यांसमोर."

"मी?" आईचा चेहरा उतरला. "सर मला कच्चं खातील!"

"खाऊ देत. मी शेजारी उभी असेन."

शर्यतीच्या सकाळी बारकीची आई मांडीवरची बॅग खाली ठेवून बाकावरून उठली. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "माझी मुलगी पोहणार नाही. तिचा खांदा दुखतोय, आणि तुम्हाला हे पंधरवड्यापासून माहीत आहे."

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "मुलगी घाबरट आणि आई तिच्याहून घाबरट!"

एरवी बाक हसला असता. आज भयंकर गाण्यांचा तो बाप उभा राहिला. "सर, नीट बोला." मागोमाग आणखी एक आई उठली, मग बघता बघता सगळा बाक. कोण काय म्हणतंय ते ऐकू येईना. क्लबच्या अध्यक्षांनी येऊन सरांना आत नेलं. ताई बारकीच्या आईशेजारी उभी होती. तिने हाताची घडी घातली होती आणि ती सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

चौकशी झाली. सरांनी राजीनामा द्यावा असं ठरलं. शेवटच्या दिवशी ते जिना चढून वर आले, पहिल्यांदाच.

"माझे पालक तू फितवलेस."

"हो."

"काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

तिने सांगितलं. ते डोळे बारीक करून आठवू लागले. "बटरफ्लायवाली? दोरी धरलेली?"

"तीच."

"घाबरली होतीस तू," ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

इतकी वर्षं तिने या घडीसाठी एक भाषण घोळवून ठेवलं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. या माणसाच्या डोक्यात काही शिरायचं नव्हतं. "सर, बाहेर व्हा," ती म्हणाली. "मला पेशंट आहेत." कठडा धरून ते जिना उतरत होते. दया येते का म्हणून तिने स्वतःला चाचपून पाहिलं. आली नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

ताईने हिशेबात धरलं नव्हतं ते बारकीला. निवड हुकल्यामुळे मुलगी पेटली होती. व्यायामाला आईने ओढत आणलं तरी ताईशी बोलायची नाही. एक दिवस बांध फुटला.

"मी जिंकले असते! तुम्हाला सरांना घालवायचं होतं, म्हणून मला थांबवलंत. सगळे म्हणतात."

ताईला खोटं बोलता आलं असतं. "सरांना घालवायचं होतं, ते खरं," ती म्हणाली. "पण तुला थांबवलं ते खांद्यासाठी."

"मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"नको करूस." ताईने भिंतीवरचा रबरी पट्टा काढून तिच्या हातात दिला. "कोपर अंगाला चिकटव. हं, आता सावकाश ओढ."

बारकीने दात-ओठ खात पट्टा ओढला.