आठवडाभर आधीची शिवरात्र

धुरपदाबाई पार थकली होती. लकवा झालेल्या नवऱ्याची कूस बदलायची, पुसायचं, धुवायचं, पुन्हा कूस बदलायची. वर भडगावकडून येणारे पाहुणे विचारणार, गिरधर नाना काय म्हणतात? काय म्हणतील, कपाळ! वाचाच गेलेली.

आता नानांनी खाणंही सोडलं होतं. वरणाचं पाणी, दूध, पातळ खिचडी, काहीही नेलं की ओठ घट्ट मिटायचे. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उद्यापर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. मागे घातली होती तेव्हा नानांनी ती ओढून काढली आणि मग त्यांचा चालता हात खाटेला बांधावा लागला. तो बांधलेला हात बाईला पुन्हा बघायचा नव्हता.

म्हणून तिने कवठ काढलं. कवठ म्हणजे नानांचा जीव की प्राण. बांधावरच्या झाडाची कवठं भुशात पिकत घातलेली. एकेक तिने ओट्यावर टाकून पाहिलं, कारण कच्चं उसळतं आणि पिकलेलं धप्पकन जागीच बसतं. तसं एक मिळालं. वरवंट्याने कवटी फोडली, तपकिरी गर काढून गाळला, गुळात कालवला. आंबटगोड वास घरभर झाला. चमचा ओठांशी नेला तसे नानांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईचं डोकंच फिरलं. मरा मग, असं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिला दिसलं की नाना भिंतीवरच्या महादेवाच्या तसबिरीकडे बघताहेत. शिवरात्रीला अजून आठवडा होता. त्या दिवशी महादेवाला ठेवल्याशिवाय या माणसाने जन्मात कवठ तोंडाला लावलं नव्हतं. पोरांनी आधी चाखलं तर पाठीत धपाटा. सगळं गेलं, पण हे मेलं तेवढं पक्कं राहिलं होतं!

ती उठली. अंघोळ केली, बेल आणला, दिवा लावला, कवठाचा नैवेद्य दाखवला आणि नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलली.

"आज शिवरातर शे. पूजा व्हई गई. खाई ल्या."

नाना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग तोंड उघडलं. एक चमचा, मग दुसरा. घास गळ्याखाली उतरताना दिसला तशी ती रडायलाच लागली. आता नळी टळली होती.

वाटी संपत आली तेव्हा नानांनी चालता हात उचलून चुलीकडे दाखवलं. तिथे तिने स्वतःसाठी थापलेली गरम भाकरी होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण शिवरात्रीला या घरात भाकरी?

"मना उपास शे," ती म्हणाली.

भाकरी तिने शेजारच्या यशोदाबाईला नेऊन दिली. परत येऊन कवटीला चिकटलेला गर बोटाने निपटून खाल्ला. उपासाला तेवढा चालतो. खरा उपास पुढच्या आठवड्यात होताच. नाना डोळे मिटून शांत पडले होते, आणि ती तशीच अर्धपोटी खाटेच्या पायथ्याशी लवंडली.