नडगीची सळी : वरून की खालून?

प्लास्टर निघालं की सगळं संपलं, असं लोकांना वाटतं. पण दिल्लीतल्या आमच्या हाडांच्या विभागात पेशंट घरी जातात आणि किस्से मुक्कामाला राहतात!

नडगी मोडली की हाडाच्या पोकळीत हातोडीने ठोकून सळी घालतात. आमचे सर ती गुडघ्याच्या वाटीखालून घालायचे, मी वाटीच्या वरून. सर दिल्लीतच वाढलेले मराठी. बोलतात मराठीत, रागावतात हिंदीत.

"दरवाज़ा छोड़कर छत से क्यों उतरती हो?"

"सर, दरवाज़े पर आप खड़े हैं ना!"

अख्खं थिएटर मास्कआड हसलं. मग कितीतरी दिवस माझ्या वाट्याला नुसती प्लास्टरं. घातली! मत बदललं नाही.

* * *

एक पैलवान आला होता. "मैडम, हथौड़ा कौन चलाएगा?"

"मैं."

"आपसे होगा?"

मी हात पुढे केला. त्याने मिळवला, दाबला. मीही दाबला. शेवटी त्यानेच सोडला आणि बोटं झटकत म्हणाला, "चलो, आप ही मारो!"

* * *

लक्ष्मीबाई नगरातले कुलकर्णी काका केंद्र सरकारात अधिकारी. सर त्यांना समजावत होते, "सळी वरून घाला की खालून, हाड जुळतंच हो."

"डॉक्टर, जन्मभर माझ्या फायली खालून वर गेल्या आणि तिथेच अडकल्या. आता एकदा वरून खाली येऊ द्या की!"

सर हसले. केस मला मिळाली.

* * *

पुढे माझ्याच एका पेशंटचा गुडघा दुखायला लागला. सकाळच्या मीटिंगमध्ये सर खूश. "देखा? वरून घातली तरी दुखतोच!"

"दुखतो, सर. पण कमी जणांचा."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या पेशंटनी. ते हल्ली माझ्याकडे येतात!"

* * *

आणि गायकवाडबाई! सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. खालून सळी घातली की काहींना गुडघे टेकताना दुखतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं.

सर म्हणाले, "बाई, या वयात चालता आलं तरी पुष्कळ!"

"पुष्कळ तुम्हाला. मी चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करते. ते मला परत हवंय."

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "कर. वरून."

काही महिन्यांनी बाई काठीशिवाय ओपीडीत आल्या. सरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड छान जुळलं होतं.

"अच्छा, आता जरा गुडघे टेकून दाखवा बघू."

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"इथे? तुमच्यापुढे? बिल्कुल नाही! रविवारी चर्चमध्ये या."