लांबून आलेला चेंडू

"यिऊ द्या त्याला. लांबनं आलंय, दमलं असंल."

चेंडू आभाळातून खाली येत असताना असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. म्हणता म्हणता ते उजवा पाय जमिनीपासून चार बोटं उचलत, चेंडू पायाला टेकतो न टेकतो तोच पाय जरासा मागे घेत, आणि चेंडू त्यांच्या अंगठ्यापाशी गप्प बसून राही. बस, एवढंच. यात वाहवा करण्यासारखं काही नाही असं आमच्या बारामतीचं ठाम मत होतं. तुम्ही त्या काळी तिथं असता तर तुमचंही तेच झालं असतं, म्हणून मी एकट्या बारामतीला दोष देत नाही.

ही गोष्ट तीस सालानंतरची. मी कालव्याच्या कचेरीत उमेदवारी संपवून नुकताच कायम कारकून झालो होतो. ते आमच्याकडे पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर दारं उघडून कुणाच्या रानात किती वेळ पाणी जायचं ते बघणारे. चाळिशी उलटलेली, पाय अनवाणी, डोक्याला पटका. कचेरीत चारचौघांत मी त्यांना 'पाटकरी' म्हणे, आणि आजूबाजूला कुणी नसलं की 'तात्या'. माझी हिंमत तेव्हा एवढीच होती.

फुटबॉल आमच्याकडे आला तो बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबामुळे. जाताना त्याने चेंडू मागे ठेवला, आणि तो वर्षभर कपाटावर पडून राहिला. मग आमच्या साहेबांना कुठूनशी बातमी लागली की पुण्याचे मोठे साहेब या खेळाचे भारी शौकीन आहेत. त्या दिवसापासून आमच्या अख्ख्या कचेरीला फुटबॉलची आवड निर्माण झाली.

संघ निवडायला अर्धा ताससुद्धा लागला नाही, कारण ज्येष्ठतेची यादी कपाटात तयारच होती. साहेब सर्वांत पुढे. त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला दोन ओव्हरसियर. त्यांच्या मागे आम्ही कायम कारकून. अव्वल कारकून गोलात, कारण त्यांना पळायचं नव्हतं आणि कोट काढायचा नव्हता. एवढं करून अकरावा माणूस कमी पडला, तेव्हा त्या दिवशी पाण्याच्या पाळीचे कागद घेऊन आलेल्या पाटकऱ्यांना हाक मारली. हंगामी नोकर म्हणून त्यांना सगळ्यांच्या मागे, अव्वल कारकुनांच्या कोटाच्या राखणीला उभं केलं.

आता आमचा खेळ कसा चाले तेही सांगितलं पाहिजे. मैदानाच्या कडेला एक चिंच होती. जो चेंडू चिंचेवरून मारील तो पट्टीचा खेळाडू. चिंचेपलीकडे ऊस होता. चेंडू उसात गेला की खेळ थांबे, सगळे दम खात, आणि मारणाऱ्याची पाठ थोपटली जाई. चेंडू आपल्याकडे आला तर त्याचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आला की मारायचा. साहेबांच्या पायाला लागलेला चेंडू दहा हात लांब पळे, आणि त्याला आम्ही 'पास' म्हणत असू. तिथं आपलं कुणी नसलं तर अव्वल कारकून गोलातून ओरडत, "वा साहेब, जागा बरोबर हेरलीत. माणूसच कमी पडला."

अशा या खेळात पहिल्याच दिवशी एक चेंडू चिंचेच्या शेंड्याला लागून पाटकऱ्यांच्या डोक्यावर आला. आम्ही सगळे बाजूला झालो. ते म्हणाले, "यिऊ द्या त्याला," आणि तो आला, आणि थांबला. काहीतरी गैर घडलं असावं असं सगळ्यांना वाटलं.

साहेब म्हणाले, "अरे, थांबवलास का? मार की."

"मारतो की सायेब. जरा इसावा घिऊ द्या त्याला."

"सरकारी माणूस," अव्वल कारकून माझ्याकडे बघून म्हणाले. "हातात आलेलं काम आधी थांबवून ठेवणार." आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो.

पण माझ्या मनातून ते गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पिकाच्या मोजणीसाठी मी कन्हेरीला गेलो, तेव्हा ते फाट्याच्या दारावर बसले होते. जवळपास कुणी नव्हतं. मी विचारलं, "तात्या, हे शिकलात कुठं?"

"खडकीला. गोऱ्यांच्या पलटनीत तीन साल पानी भरलं. त्ये खेळायचे, चेंडू भाइर आला की मी द्यायचा. फेकून दिला की शिव्या घालायचे, म्हनून पायानं हळू द्याया शिकलो. देता देता घ्यायाबी आलं."

"पण पाय मागं का घेता?"

"आता बगा भाऊसायेब. पावना लांबनं आला तर दारातच त्याला 'काय काम काढलं' म्हनून इचारता काय तुमी? आदी पानी देता, बसू देता. मग त्योच सांगतो काय त्ये. चेंडूचं तसंच हाय. आल्या आल्या लाथ घातली तर कशापायी ऱ्हाईल त्यो?"

त्यांनी बांधावरचा एक कच्चा पेरू काढून माझ्याकडे वरून टाकला. मी पाय पुढे केला. पेरू नडगीवर आपटून पाटात पडला. दहा-बारा पेरू वाया गेल्यावर ते म्हणाले, "तुमी वाट बगताय खरं, पर मनात आदीच मारताय. पाय सैल सोडा. कायम झालेल्या मानसावानी."

स्वतःच्याच बोलण्यावर ते खूप वेळ हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण ते अकरा वर्षं हंगामी होते हे मला माहीत होतं. पावसाळ्यात कालवा बंद झाला की त्यांची नोकरीही बंद होई. कालव्याच्या चौकीवरची एक खोली त्यांना राहायला असे, ती सोडून नवरा-बायको कुठंतरी मजुरीला जात आणि दिवाळीला पुन्हा येत. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "कारभारीन म्हनती, अकरा येळा चूल मोडली आन् अकरा येळा घातली. याक साल तरी हाय तितंच ऱ्हाऊ दे. तेवढं कायमाचं बगा कुटं जमलं तर."

जमण्याची वेळ लवकरच आली. इंदापूरच्या संघाशी त्यांच्याच गावी आमचा सामना ठरला. मोठे साहेब स्वतः येणार नव्हते, पण त्यांनी सामन्याचा अहवाल मागवला होता. आमच्या साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं की अहवालात ज्यांची कामगिरी नमूद होईल त्यांच्या बढतीच्या, कायम करण्याच्या, ज्या काय असतील त्या शिफारशी त्याच लखोट्यातून पुण्याला जातील. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. पाटकऱ्यांनी व्हरांड्याच्या खालून माझ्याकडे पाहिलं आणि पटका सारखा केला.

इंदापूरकरांचा संघ आमच्याइतकाच अडाणी होता. फक्त त्यांच्याकडे ज्येष्ठतेची यादी नव्हती, म्हणून ते जरा बरे खेळत. आमचे साहेब सामना सुरू झाल्यापासून त्यांच्या गोलाजवळ उभे होते. ऑफसाइड नावाचा नियम आहे हे पंचांना ठाऊक होतं, पण तो साहेबांना लावावा किंवा कसे, याचा खुलासा त्यांच्याकडच्या पुस्तकात नव्हता. दोन्हीकडून चेंडू आभाळात जात राहिला. शेवटची पाच-सात मिनिटं उरली तरी गोल कुणाचाच नव्हता.

मग त्यांच्या गोलकीपरने चेंडू असा उडवला की वीस माणसं तोंड वर करून बघत राहिली. मागून पाटकरी सावकाश चालत मैदानाच्या मधोमध आले. मी दोन हातांवर होतो. तेच शब्द मी ऐकले. चेंडू खाली आला, पाय मागे गेला, चेंडू बसला. इंदापूरचा एक धिप्पाड गडी चेंडू उसळणार या हिशोबाने धावत आला, आणि तो उसळलाच नाही म्हणून सरळ पुढे निघून गेला. समोर मोकळी वाट होती. मी म्हणालो, "तात्या, मारा." चारचौघांत त्यांना 'तात्या' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तिकडून साहेब ओरडले, "पाटकरी, इकडे."

त्यांनी क्षणभर गोलाकडे पाहिलं, आणि मग साहेबांकडे चेंडू दिला. दिला कसा तर साहेबांना काही करावंच लागू नये असा. साहेब तेव्हा मान वळवून कुणाला तरी काही सांगत होते. चेंडू त्यांच्या गुडघ्याला लागला आणि गोलात गेला. साहेबांना त्यांच्या गोलाची बातमी अव्वल कारकुनांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून कोटासकट धावत येऊन दिली.

परतताना लॉरीत साहेब पुढे होते, गळ्यात हार. मागे मी पाटकऱ्यांच्या शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "मारला का नाहीत?"

"मी मारला असता तर गोल माजा झाला असता. मग मला कायम कोन करनार?" ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की मी अहवाल मनातल्या मनात लिहायला लागलो. गोल साहेबांचा, पण चेंडू पाटकऱ्यांचा, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो तेव्हा अव्वल कारकून पाठीमागे येऊन उभे राहिले. "पाटकऱ्याचं नाव घालणार का? घाल की. हंगामी माणूस कचेरीच्या संघात कसा, असा वरून शेरा आला तर उत्तर तू दे, म्हणजे झालं." एवढं बोलून ते चहाला गेले. त्यांनी मला बंदी केली नाही. कागदावर एक अक्षर खोडलं नाही. मी बराच वेळ बसलो, आणि मग सुंदर अक्षरात लिहिलं की माननीय साहेबांनी मैदानाच्या मध्यातून चेंडू हस्तगत करून अपूर्व चातुर्याने विजय संपादन केला. ओव्हरसियरांची नावं घातली, अव्वल कारकुनांच्या अभेद्य बचावाचा उल्लेख केला. माझंही नाव घातलं. मला कायम होऊन सहा महिने झाले होते आणि मी भ्यालो होतो. याहून मोठं कारण नव्हतं.

अहवालाची एक प्रत व्हरांड्यात भिंतीला डकवली. बाजाराच्या दिवशी पाटकरी आले. त्यांना वाचता येत नसे. "भाऊसायेब, जरा वाचून दावा की," ते म्हणाले.

मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि तिथं नसलेलं वाचू लागलो. 'कचेरीचे पाटकरी यांनी उंचावरून आलेला चेंडू मोठ्या कौशल्याने थोपवून साहेबांच्या स्वाधीन केला.' त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आसं लिवलंय? थांबा," म्हणाले, आणि लगबगीने बाजाराकडे गेले. थोड्या वेळाने ते बायकोला घेऊन आले. ती भाजीची पाटी खाली ठेवून खांबाआड उभी राहिली.

"हिलाबी ऐकवा," ते म्हणाले.

मला मघाचे शब्द आठवेनात. मी पुन्हा वाचू लागलो, आणि या खेपेला फार चांगलं वाचलं. त्यांनी पाय कसा सैल सोडला, कसा मागे घेतला, इंदापूरचा गडी कसा फसला, सगळं आलं. बाई पदर तोंडाला लावून हसत होती. पाटकरी मात्र भिंतीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

"झालं ना मनासारखं? तू हो म्होरं," ते बायकोला म्हणाले. ती पाटी उचलून गेली. जाताना मला नमस्कार करून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पयल्या खेपंला पाय मागं घेतल्याचं न्हवतं त्यात, भाऊसायेब."

मी भिंतीवरच्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबू लागलो.

"तुमी लिवलंच असंल. अव्वल कारकुनांनी खोडलं असंल."

"हो," मी म्हणालो.

"आसू द्या," ते म्हणाले. "हिला न्हाय कळलं, त्ये बरं झालं." आणि पटका सारखा करून गेले.

पावसाळा लागला, कालवा बंद झाला, चौकीवरची खोली रिकामी झाली. दिवाळीला पाणी सुटलं तेव्हा त्या खोलीत दुसराच माणूस राहायला आला होता. दोन्ही ओव्हरसियरांच्या बढत्या मंजूर झाल्या. वर्षभरात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना भजनाचा नाद होता, त्यामुळे कचेरीत सगळ्यांना गळे फुटले आणि चेंडू पुन्हा कपाटावर गेला.

पाटकरी इंदापूरपलीकडे बावड्याला कुणाच्या माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला, पाणी देतात असं एका शेतकऱ्याने मला सांगितलं. त्यानंतर कामासाठी मी दोनदा इंदापूरला मुक्कामाला होतो. तिथून बावड्याला जाऊन एका दिवसात परत येता आलं असतं. दोन्ही वेळा मी सकाळी आवरून निघालो, आणि बारामतीच्या गाडीत बसलो. त्यांचं नाव कुणी खोडलं नव्हतं, मी ते लिहिलंच नव्हतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते सांगायचं राहून गेलं असं मी आजवर म्हणत आलो. खरं म्हणजे मी ते सांगितलं नाही.